डावीकडून विचारलेलं

२८ ऑक्टोबर

पशुखाद्याच्या दुकानातून मिळालेली ही डायरी वर्षभर कोरीच पडली होती. घरात आम्ही दखनी बोलतो, पण बारावीपर्यंत मराठी शाळेत शिकल्यामुळं लिहायचं म्हटलं की हात मराठीतच चालतो. आज कुणाशी तरी बोलावंसं वाटतंय आणि बोलण्यासारखं कुणी नाही, म्हणून लिहायला बसले.

सोलापूरच्या महादेवी अक्कांनी सात किलो खवा सांगितला होता. मी साठ किलो पाठवला. त्यांचं मिठाईचं दुकान आहे, बाई भली आहे, आवाज मात्र बारीक. म्हणाल्या, दोनदा सात म्हणून सांगितलं आणि दोनदा तू हो म्हणालीस. मी इथं ईट गावात, आमच्या खव्याच्या भट्टीपाशी होते. उजव्या हातात उलथणं, डाव्या हातानं फोन कानाला धरलेला, खाली जाळाचा आवाज. मला साठच ऐकू आलं. दिवाळी झाल्यावर एवढा खवा कोण मागतं, हे तरी डोक्यात यायला हवं होतं.

हे, म्हणजे माझे मालक गफार, जास्तीचा माल परत आणायला टेम्पो घेऊन गेलेत. जाताना एवढंच म्हणाले, "हल्ली तू सगळ्यांनाच हो म्हणतीस." आवाजात राग नव्हता. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

२ नोव्हेंबर

ब्लूटूथ घ्यायचं ठरवलं. दोष फोनचाच आहे. गेल्या वर्षी नवा घेतला तरी तेच, समोरचा माणूस विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो. स्पीकरवर टाकलं तर जाळाच्या आवाजात काही कळत नाही. आणि दूध आटायला लागलं की उलथणं सोडता येत नाही, हात थांबला की खाली लागतं.

अम्मींना विचारलं, घेऊ का? अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई, सकिनाबी. माझ्या डाव्या हाताला बसून भट्टीत लाकडं सारतात. त्यांनी मान हलवली, ती हो होती का नाही होती ते कळलं नाही. वर्ष होऊन गेलं, अम्मी माझ्याशी कामापुरतंसुद्धा बोलत नाहीत. आधी दिवसभर बोलायच्या, भट्टीवर बसलं की माहेरच्या गोष्टी निघायच्या. कशाचा राग आलाय म्हणून मी दोन-तीनदा विचारलं. उठून गेल्या. वय झालं की माणूस असं होत असेल.

५ नोव्हेंबर

भूमला जाऊन आले. कैवल्यचं मोबाइलचं दुकान आहे, आमच्या शेजारच्या पोराबरोबर शिकायला होता. त्यानं काउंटरवर सगळे प्रकार मांडले. दोन्ही कानांत घालायचे सुटे बड्स दिसायला छान, पण एखादा कढईत पडला तर खव्यासकट गेला. डोक्यावरून घ्यायचा मोठा हेडफोन ओढणीखाली बसेना, आणि त्यात भट्टीची धग. शेवटी एका कानाला अडकवायचा घेतला. बटण दाबलं की फोन उचलतो, परत दाबलं की बंद. डाव्या कानाला लावून दाखवला त्यानं, म्हटलं असाच राहू दे, तोच माझ्या सवयीचा कान.

येताना स्टँडजवळ डावीकडून एक मोटरसायकल अंगावरच आली. हॉर्न न वाजवता पळवतात आणि वर तो पोरगा मलाच म्हणतो, काकू किती हॉर्न वाजवायचा.

७ नोव्हेंबर

फुकट गेला ब्लूटूथ. आवाज पूर्ण वाढवून ठेवला तरी तीच विहीर.

तबस्सुमला फोन करून बघितला. तबस्सुम माझी धाकटी नणंद. नवऱ्यानं सोडल्यापासून लातूरला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. सरळ इथं यायचं सोडून तिकडं परक्या गावात का गेली, हे मला अजून कळलेलं नाही. बकरीदलासुद्धा आली नाही. आज "भाभी, काही काम होतं का" एवढं विचारलेलं कळलं, पुढचं सगळं वाहून गेलं. मी हो हो करत राहिले. तिनंच फोन ठेवला. शहराची हवा लागली की माणूस तुटतो.

दोन दिवस डोकं जड आहे. कानात रातकिडा किरकिरल्यासारखं होतं, ते तर आता नेहमीचंच. धगीनं होत असणार. उठताना तोल गेला, कढईचा कान धरून सावरले. हाताला फोड आलाय.

११ नोव्हेंबर

बदलून गळ्यातला आणला. नेकबँड म्हणतात त्याला. पट्टी मानेवर ओढणीखाली बसते, दोन बाजूंनी दोन वायरी कानाला येतात, पडला तरी गळ्यातच राहतो.

आणि काय सांगू. महादेवी अक्का अगदी कानात बसून बोलल्या. बोलताना त्या मधेच "बरं का ग" म्हणतात, हे मला आज कळलं. त्यांच्या दुकानातला पंखा ऐकू आला, गिऱ्हाइकाचं लेकरू रडत होतं ते ऐकू आलं. दोन्ही हात मोकळे. दूध ढवळत ढवळत चार ऑर्डरी घेतल्या, एकही चुकली नाही. भट्टीवर दूध घालायला आलेली माणसं बघतच राहिली, त्यांना वाटलं मी कढईशीच बोलते आहे.

फक्त त्याचा डावा तुकडा मुका आहे. नवी वस्तू आणि एक बाजू बंद. परत भूमला जाणं आलं.

१४ नोव्हेंबर

नेकबँड घेऊन परत भूमला गेले.

कैवल्यला म्हटलं, डावा तुकडा वाजत नाही. त्यानं तो स्वतःच्या कानात घालून गाणं लावलं. म्हणाला, काकू, मस्त वाजतोय. मला पटेना. मी जरा चढ्या आवाजात बोलले, दुकानात इतर गिऱ्हाइकं होती. तो काही न बोलता पट्टी उलटी करून माझ्या गळ्यात घालायला लागला. डाव्या बाजूचा तुकडा माझ्या उजव्या कानात गेला. गाणं स्वच्छ ऐकू आलं. मग उजवा तुकडा डाव्या कानात, आणि दुसरा काढून घेतला.

काहीच नाही. मी त्याला म्हटलं, आता लाव ना गाणं. तो म्हणाला, "लावलंय काकू."

त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर गाणं पुढं सरकताना दिसत होतं. मी ते बघत उभी राहिले. कैवल्यनं स्टूल दिलं, पाणी दिलं. म्हणाला, कानात मळ असेल, दाखवून घ्या. मी त्याची माफी मागितली की नाही ते आता आठवत नाही.

१६ नोव्हेंबर

कुणाला सांगितलं नाही. कानात तेल टाकून बघितलं. उजवा कान बोटानं बंद केला आणि कोंबड्यांत जाऊन उभी राहिले. कोंबड्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या.

आज यांना सांगितलं. यांनी कानात बॅटरी मारून बघितलं. मग म्हणाले, दोन-तीन दिवसांत बार्शीला जाऊ.

१९ नोव्हेंबर

बार्शीच्या कानाच्या डॉक्टरांनी आधी मळ बघितला. मळ नाही. मग तपासणीला आत पाठवलं. तिथं शिवप्रिया मॅडम म्हणून आहेत, वयानं लहान, बोलायला शांत. काचेच्या खोलीत बसवून मोठा हेडफोन घातला आणि हातात बटण दिलं. कितीही बारीक आवाज आला की दाबायचं.

मी दाबत गेले. टिक, टुक, शिट्टीसारखं बारीक. छान चाललं होतं. मग आवाज थांबले. मी बसून राहिले. वाटलं, वीज गेली किंवा मशीन अडकलं. काचेपलीकडं मॅडम खाली बघून काहीतरी करत होत्या, मधेच माझ्याकडं बघत होत्या. मी हातानं खूण केली, बंद पडलंय. त्यांनी मान हलवली आणि काम चालूच ठेवलं.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, मशीन बंद नव्हतं. तेवढा वेळ डाव्या कानाची तपासणी चालली होती.

एकाच बाजूचा कान असा हळूहळू जाणं बरं नसतं म्हणे. दोन-तीन वर्षं तरी हे चालू असणार. चक्कर येते का, कानात किरकिर असते का, सगळं विचारलं. मी हो म्हणत गेले आणि यावेळी प्रत्येक हो खरा होता. सोलापूरला डोक्याचा एमआरआय करायला सांगितलाय. डोक्याचा कशाला, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, आतून बघून घेऊ.

येताना टेम्पोत हे चालवत होते आणि मी शेजारी. यांचं बोलणं नीट ऐकू येत होतं. एकदम लक्षात आलं, टेम्पोत हे माझ्या उजव्या हाताला असतात. दोन वर्षं आमचं जे काही बोलणं झालं ते टेम्पोतच झालं. यांना तसं सांगितलं. यांनी गाडी कडेला घेतली. म्हणाले, "मला वाटायचं, घरात तुला माझं बोलणं नको असतंय."

२० नोव्हेंबर

आज जे कळलं त्यापुढं कान काहीच नाही.

सकाळी भट्टी लावताना अम्मींना सांगितलं, माझा डावा कान गेलाय, डॉक्टर म्हणतात दोन-तीन वर्षांपासून जात असणार. अम्मींच्या हातात लाकूड होतं. जाळ त्यांच्या बोटांपर्यंत आला तरी सोडेनात, मीच ओढून घेतलं. मग त्या उठल्या आणि कढईला वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसल्या.

"मागल्या साली म्या तुला इचारलं, ते तू ऐकलंच न्हाईस?"

मी म्हटलं, काय विचारलं अम्मी?

"तबस्सुमला तिकडं नांदवत न्हाईत, तिला हितं आणू का म्हणून. दोनदा इचारलं. तू उलथणं फिरवीत राहिलीस. माझ्याकडं बघितलंबी न्हाईस."

मला काही आठवत नाही. तेच सगळ्यात वाईट आहे. एखादा शब्द अर्धा ऐकला असता, चुकीचा ऐकला असता, तर त्याला धरून रडता आलं असतं. माझ्याकडं त्या दिवसाचं काहीच नाही. दूध आटलं असेल, खवा उतरवला असेल, तागाच्या पोत्यावर थापला असेल. शेजारी बसून एक म्हातारी आपल्या लेकीसाठी जागा मागत होती आणि मी ढवळत होते.

मी विचारलं, यांना का नाही विचारलंत. अम्मी म्हणाल्या, "घर तू चालवतीस. गफारनं हो म्हणलं असतं. पण सारा दिवस तिला तुझ्यासंगं काढायचा हुता."

हात थांबला होता. खवा खाली लागला, सगळी कढई वाया गेली. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

२७ नोव्हेंबर

सोलापूर. एमआरआय झाला. कानाकडून मेंदूकडं जी नस जाते तिच्यावर गाठ आहे, आवळ्याएवढी. कॅन्सरची नाही, असं डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. पण ती वाढतेय आणि मेंदूला टेकायला आलीय, काढावी लागेल, पुण्याला. डावा कान परत येणार नाही. तोंडाची नस त्या गाठीला चिकटून जाते, तिला जपायचा प्रयत्न करतील.

डॉक्टरांनी विचारलं, कसं लक्षात आलं तुमच्या? मी म्हटलं, ब्लूटूथ घेतला. ते हसले नाहीत. म्हणाले, अजून वर्षभर कळलं नसतं तर अवघड होतं.

मला स्वतःचं काहीच वाटत नाहीये. माणसानं घाबरायला पाहिजे. डोक्यात फक्त तबस्सुम.

३ डिसेंबर

लातूरला जाऊन आले, एकटी. यांनी नको म्हटलं, तरी गेले. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

वसतिगृहाच्या मागच्या अंगाला स्वयंपाकघर आहे. तबस्सुम पोळ्या लाटत होती. बारीक झालीय, पण हात असा चालतो की बघत राहावं. मला बघून तिनं ओट्यावर जागा केली. मी सगळं सांगितलं, कान, गाठ, अम्मींनी विचारलेलं, मी न ऐकलेलं. ती लाटत होती. सांगून झाल्यावर म्हटलं, चल घरी.

तिनं तवा उतरवला.

"भाभी, त्या दिवशी मी बार्शीच्या स्टँडवर बसले होते, बॅग घेऊन. अम्मी म्हणाली होती, विचारून फोन करते. ईटची गाडी लागलेली होती. अम्मीचा फोन आला, भाभीच्या मनात नाही. मग मी लातूरच्या गाडीत बसले."

मी म्हटलं, मी ऐकलंच नव्हतं ग.

"ते कळलं. पण तुम्ही नाही म्हणालात असंच धरून मी इथवर आले ना. ते आता कसं काढू?"

रडली नाही, आवाजही चढवला नाही. मला ताट वाढलं, वरून तूप घातलं. मुलींची जेवायची वेळ झाली म्हणून उठली. मी परत निघाले तेव्हा तिच्या हातात आमटी वाढायचा मोठा डाव होता, तिनं तोच जरासा वर केला.

बसमध्ये अम्मींचा फोन आला. त्या कधी मला फोन करत नाहीत. गळ्यातल्या पट्टीमुळं इतका स्वच्छ आवाज, श्वाससुद्धा ऐकू येत होता. काय म्हणाली विचारत होत्या. मी सांगितलं.

१२ जानेवारी

पुणे. उद्या ऑपरेशन. डोकं एका बाजूनं भादरलंय. यांनी आज मला तीनदा विचारलं, भूक आहे का. भीती आता आलीय, इतके दिवस कुठं होती कोण जाणे. तोंड वाकडं झालं तर भट्टीवर लोक काय म्हणतील, असलेच विचार येतात. मरणाचा येत नाही.

महादेवी अक्कांचा फोन येऊन गेला. म्हणाल्या, बरी होऊन ये, मग साठ किलो घेते. हसले मी. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

२१ जानेवारी

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. गाठ निघाली. तोंड डावीकडं थोडं ओघळलंय, पाणी पिताना सांडतं. सहा-आठ महिन्यांत सुधारेल म्हणतात. डावा डोळा मिटत नाही, पट्टी लावून झोपवतात.

शुद्धीवर आले तेव्हा पायाशी तबस्सुम होती. मला वाटलं भास. यांनी बोलावलं नव्हतं, तीच आली, वसतिगृहातून सुट्टी घेऊन. विंचरायला फारसे केस उरलेले नाहीत, तर उरलेल्या बाजूची वेणी घालून दिली. आमच्यात बोलणं असं झालं नाही. औषधाची वेळ, उशी, पाणी. मला वाटलं, मिटलं सगळं.

८ फेब्रुवारी

मिटलं नव्हतं. मलाच तसं वाटत होतं.

ईटला आल्यावर तबस्सुमनं भट्टी चालवली. माझा नेकबँड गळ्यात घालून ऑर्डरी घेतल्या. मी अंगणात बसून बघायचे. मायलेकी बोलत असायच्या, घर भरल्यासारखं वाटायचं. मी मनात सगळं ठरवूनसुद्धा टाकलं होतं, कोपऱ्यातली खोली तिला, नवीन कपाट, रमजान आता जवळच आलाय. आज तिला तसं म्हटलं.

ती म्हणाली, वसतिगृहाची खाणावळ आता तिच्याच नावावर देतायत, पहिल्या तारखेपासून. खोली घेतलीय तिथं. "तेव्हा आले असते तर राहिले असते, भाभी. आता माझं घर तिकडं आहे."

मी काही बोलायच्या आत अम्मी म्हणाल्या, मीबी जाते तिच्यासंगं.

त्यांचं सगळं आयुष्य या भट्टीपाशी गेलं. अम्मी म्हणाल्या, "म्या तिसऱ्यांदा इचारायला पायजे हुतं, तुझ्या खांद्याला हात लावून. न्हाई इचारलं. लेकीला परस्पर न्हाय म्हणून सांगितलं. आता तिच्या घरी जाऊन ऱ्हाते."

माझ्यावर राग आहे का, असं विचारायचं होतं. विचारलं नाही.

१० फेब्रुवारी

सकाळच्या गाडीनं दोघी गेल्या. अम्मींचं सामान एका पिशवीत मावलं. तबस्सुमनं नेकबँड माझ्या गळ्यात घातला, निघताना दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं, वाकड्या बाजूलासुद्धा. आत जाऊन बसली.

अम्मींना खिडकी मिळाली. इंजिन चालू होतं, स्टँडवर गलका. त्या खिडकीतून काहीतरी म्हणाल्या. सवयीनं मी मान हलवली, हो म्हणाले. त्यांनी तोंड आत वळवलं.

मग मी धावले. डॉक्टरांनी धावू नको म्हटलंय. गाडीचा पत्रा हातानं वाजवला, कंडक्टर ओरडला तो उजव्या कानानं चांगला ऐकू आला. मी खिडकीखाली गेले आणि मान वर करून म्हटलं, "अम्मी, ऐकू आलं न्हाय. परत सांगा."

अम्मी वाकल्या. गजांना कपाळ टेकवून, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या,

"म्हणले, न्यायला तू ये. गफारला पाठवू नको."